मी ॲडजस्ट, आता सरकणार नाही

मी ॲडजस्ट बोलतोय. हो, तोच! बिदरच्या बसमध्ये तिघांच्या सीटवर चौथा टेकतो, तेव्हा ज्याला पुढं करतात तो. "अक्का, सोल्प ॲडजस्ट माडी" म्हटलं की कानडी अक्का सरकते, मराठी मावशीही सरकते. भाषांतर लागत नाही मला.

जन्मानं मी इंग्रज. यंत्रांत वाढलो. एक पेच थोडा इकडे, दुसरा थोडा तिकडे, आणि दोन्ही भाग नीट बसवायचे, हे माझं मूळ काम. इकडे आलो आणि कामं वाढली. शिंपी माझं नाव घेतो आणि झंपर उसवून सैल करतो. लग्नातला आचारी माझं नाव घेतो आणि आमटीत पाणी ओततो. जुळवून घेणं, भागवणं, सांभाळून घेणं ही माझी मराठी भावंडं. आमचं छान जमतं. पण 'तू गप्प बस' या अर्थानं मला वापरायला लागले ना, तिथं माझं डोकं फिरलं.

बिदरजवळच्या कमठाण्याला रेवणसिद्धप्पांची विहीर आहे. थोरला मुलगा वारला, त्याची बायको मल्लेश्वरी. धाकटा सिद्धराम. अप्पांनी पाण्याचे वार वाटून दिले होते. सोमवार आणि गुरुवार मल्लेश्वरीचे, बाकीचे सिद्धरामचे. मल्लेश्वरीनं यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर अद्रक लावली होती. पावसानं ताण दिला, विहिरीचं पाणी खाली गेलं आणि सिद्धराम दारात आला.

"वैनी, ऊस वाळायलाय. ह्या गुरुवारी जरा ॲडजस्ट करा."

तिनं केलं. मग सोमवारीही केलं. पुढच्या गुरुवारीही. अद्रकीची पानं पिवळी पडली, तेव्हा तिनं एक दिवस त्याच्याकडं मागितला. "भावजी, आता तुमी करा की ॲडजस्ट."

"आता कसं जमंल वैनी?" म्हणून तो हसला. अप्पाही म्हणाले, "घरातली गोष्ट हाय बाई. घे ॲडजस्ट करून."

संताप संताप झाला माझा! अरे, दोघांनी हलायचं असतं माझ्यात. एकानं हलायचं आणि दुसऱ्यानं पसरून बसायचं, ह्याला लुबाडणं म्हणतात. त्याला माझं नाव देऊ नका.

पुढचा सोमवार उजाडला. वार मल्लेश्वरीचा, पण मोटार सकाळपासून उसाकडंच चालू. वर सिद्धराम गोठ्यातून बैल सोडायला लागला. ह्या घरात सोमवारी बैल जुंपत नाहीत. बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा, वार तो.

अप्पा ओसरीवरून ओरडले, "अरे, काय करायलास?"

"अप्पा, उद्या कलबुर्गीला लग्नाला जायाचंय. सोयाबीनला कोळपं आजच मारून घेतो. एक दिवस ॲडजस्ट करा की."

"लाज वाटत न्हाई? मुक्या जनावराचा ठरलेला वार हाय त्यो! माझ्या बापानं मोडला न्हाई, मी मोडला न्हाई. बांध बैल!"

मल्लेश्वरी दारात उभी होती. डोक्यावरचा पदर तिनं कमरेला खोचला.

"मामा, बैलाचा वार हलत न्हाई. मग माझाच वार कामून हलायलाय?"

ती उत्तराला थांबली नाही. तडक विहिरीवर गेली, उसाकडच्या पाइपाचा वॉल गच्च बंद केला आणि आपल्याकडचा उघडला.

सिद्धराम मागून धावत गेला. "वैनी, जरा..." एवढंच म्हणाला. मी त्याच्या जिभेच्या टोकावर होतो. नेहमीसारखा बाहेर पडेन असं त्याला वाटलं. नाही पडलो! घशात पाय रोवून बसलो. त्यानं मागं अप्पांकडं बघितलं. अप्पा स्वतः बैल दावणीला बांधत होते.

"सिद्धराम, घरी ये," ते म्हणाले. "आज सोमवार हाय."

बसमध्ये मला हाक मारा, म्हाताऱ्या माणसाला जागा द्यायला मी आनंदानं येईन. पण हक्काचं पाणी मागणाऱ्या बाईचं तोंड बंद करायला मला बोलावू नका. मी येणार नाही. तिकडं बघा, अद्रकीच्या सरीत पाणी शिरलंय आणि मल्लेश्वरी गुडघाभर चिखलात उभी राहून खुशाल मोठ्यानं गातेय.