डोळे मिटवणारा हॅलोजन

मित्रांनो, मी हजार वॅटचा जुना हॅलोजन दिवा. हल्ली अंबरनाथला आनंदा व्हिडिओवाल्याच्या दुकानात, माळ्यावर पडून असतो. काच तडकली आहे, दांडा हलतो. दुःख म्हणाल तर तसं काही वाटत नाही. तापून तापून वाटायचंच बंद झालं असावं.

उल्हासनगरच्या एका कारखान्यात माझी पत्र्याची पेटी ठोकली गेली. अठ्ठ्याऐंशी साली आनंदाने मला घेतलं. शहाडपासून बदलापूरपर्यंत किती हळदी, किती लग्नं उजळली, आठवत नाही. नवरीला घाम फुटायचा, पण मी लागलो की मांडवात लोक म्हणायचे, "क्या बात है! आता शूटिंग वाटतंय." मला माज चढला होता, खोटं कशाला बोलू?

आनंदाला उजेडाची जाण होती. तो म्हणायचा, "ट्यूबखाली माणूस हिरवट दिसतो, बल्बखाली पिवळा. सकाळी दाराजवळ बसवा, चेहरा कसा खुलतो बघा." पण ऐकतो कोण? हॅलोजन नसला की लोकांना शूटिंग फुसकं वाटायचं.

एक्क्याण्णव साली पद्मजाताईंनी त्याला घरी बोलावलं. त्यांचे यजमान सुदाम मस्कतला नोकरीला. सासूबाई गयाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. सुदामला सुट्टी मिळत नव्हती, काळजीने अन्न गोड लागत नव्हतं. आईला आता दिसतं, हे ताईंना त्याला कॅसेट पाठवून दाखवायचं होतं.

"वहिनी, खिडकीचा उजेड फर्स्टक्लास आहे. आईंचे डोळे नाजूक, हॅलोजन नको," आनंदा म्हणाला.

"वा! शेजारच्या लग्नात लावलात, आणि आमच्याकडे खिडकीवर भागवता? तिकडे चार लोक बघतील."

आनंदाने मला लावलं. पद्मजाताईंनी सासूबाईंचा काळा चष्मा काढला. गयाबाईंनी डोळे गच्च मिटले. गालांवरून पाणी वाहू लागलं.

"आई, डोळे उघडा ना!"

"उघडते गं बाई, पण आग होते." मग कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "सुदामा, मला समदं दिसतंय बघ. तू पोटभर जेव. जयभीम."

डोळे मिटलेलेच. मला बंद केल्यावर त्यांनी ते उघडले आणि हसल्या, "आनंदा, तुझ्या शर्टाला बटण नाही रं!" तेव्हा कॅमेराही बंद होता. आनंदाला बदलापूरचं लग्न गाठायचं होतं. "आवाज तर आलाय," म्हणत त्याने सामान भरलं.

महिन्याभराने पद्मजाताई सुदामचं पत्र घेऊन दुकानात आल्या. "माझ्यापासून लपवू नका. आईचे डोळे गेलेत," असं त्याने कॅसेट बघून लिहिलं होतं.

"परत घ्या शूटिंग. खिडकीतच घ्या," ताई म्हणाल्या.

लग्नसराई होती. आनंदाने पुढचा रविवार दिला. गुरुवारी गयाबाई झटक्याने गेल्या.

सहा महिन्यांनी सुदाम कॅसेट घेऊन आला. दुकानात बसून त्याने ती दोनदा पाहिली.

"खरं सांग आनंदा, आईला दिसत होतं?"

"शप्पथ दादा, चांगलं दिसत होतं."

सुदाम पडद्यावरच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत राहिला. "तूही घरच्यांसारखं तेच सांगतोस," म्हणाला आणि कॅसेट तिथेच ठेवून निघून गेला.

मित्रांनो, शूटिंग करताना आधी समोरच्या माणसाला विचारा, उजेड सोसतोय का. नाही म्हणाला तर मला लावू नका. मांडवातले लोक काय वाटेल ते म्हणोत.