काचेच्या पेटीतलं शिळं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची पेटी आहे. दागिन्यांची नव्हे, बिस्किटांचीही नव्हे. फार लवकर जन्माला आलेली, तळहातावर मावतील एवढाली बाळं ज्या उबदार पेटीत ठेवतात ना, ती मी. खरं तर माझं अंग जाड, पारदर्शक प्लास्टिकचं आहे. पण काचेची म्हटलं की लोक जरा जपून हात लावतात, म्हणून मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही.

माझ्या दोन्ही बाजूंना गोल खिडक्या आहेत. हात धुतल्यावर कशालाही शिवायचं नसतं, म्हणून त्या कोपराने ढकलून उघडायच्या. त्या खिडक्यांतून सगळ्यात जास्त वेळा आत आलेले हात एका परिचारिकेचे. दवाखान्यात सगळे तिला सिस्टर म्हणत. एवढ्याशा जिवाची कूस बदलताना तिचे हात असे चालत, जसं पाण्यावरून पान सरकावं. तिच्या हाताला यश आहे, असं मोठे डॉक्टरसुद्धा म्हणत. मी आतून ऊब द्यायची, ती बाहेरून जीव लावायची. लोक रडण्याला कंटाळतात. आम्ही दोघी मात्र एखाद्या बाळाच्या पहिल्या खणखणीत रडण्याची वाट बघत दिवस काढायचो.

मग नव्या पेट्या आल्या. माझी ऊब विझली, वायर काढली गेली आणि जुन्या फायली, मोडक्या खाटा यांच्या संगतीला मी अडगळीच्या खोलीत जाऊन पडले. सिस्टर निवृत्त झाली तेव्हा सगळ्यांनी विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? तिने माझ्याकडे बोट दाखवलं. तिचे यजमान कपाळाला हात लावून म्हणाले, "लोक निवृत्त झाले की घड्याळ घेऊन येतात. हिने पाळणाघर आणलं!"

हे यजमान जन्मभर चष्मे बनवत आलेले. बोलणं तिरकस, पण भिंग घासावं तर त्यांनीच. त्यांच्या गॅलरीत दोन वर्षं मी कांदे-बटाटे सांभाळले. तक्रार नव्हती. बटाटेसुद्धा उबेला आले की कोंब धरतात.

एक दिवस त्या घरात सात वर्षांची नात राहायला आली. पुढचे दोन दात मोठे, म्हणून आजोबा तिला खारूताई म्हणत. तिला भाऊ झाला होता, पण वेळेच्या फार आधी. आई-बाबा दवाखान्यात, बाळ पेटीत आणि खारूताई इथे. लहान मुलांना तिथे आत सोडत नसत. बाळाला पेटीत का ठेवलंय, तो काय सामान आहे का, असं ती दिवसातून दहा वेळा विचारायची. शेवटी आजीने बटाटे काढून मला दिवाणखान्यात आणलं आणि म्हणाली, "ही बघ. अशीच असते. आतलं बाळ मोठं होतं आणि आपण बाहेर थांबायचं असतं."

रिकाम्या पेटीकडे बघून काही केल्या तिचं समाधान होईना. तेव्हा आजोबांना कल्पना सुचली. आठवडाभर ते माझ्यापाशी मांडी घालून बसले. खालून जाड तळ चिकटवला, फटी बुजवल्या, काळी वाळू आणि एक वेडंवाकडं मूळ ठेवलं. पाणी गोल खिडक्यांच्या जरा खालीच थांबवायचं आणि वर हिरवी पानं मोकळी हलू द्यायची, असा बेत. मग त्यांनी ठेवणीतली जुनी भिंगं काढली आणि माझ्या अंगाला बाहेरून एकेक करून डकवली. मित्रांनो, अशी नटेन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं! पाच गप्पी मासे आले. इवलासा मासा एका भिंगामागून गेला की देवमासा व्हायचा, पुढच्या भिंगामागे गेला की जिऱ्याएवढा. दुपारचं ऊन माझ्यातून आरपार जाई आणि समोरच्या भिंतीवर सोनेरी कवडशात माशांची सावली पोहत राही. खारूताई गालाला हात लावून तासन्‌तास बसे. तिचा श्वास माझ्या अंगावर धुक्यासारखा उमटे. कोणी लहान जीव असा माझ्याजवळ श्वास घेतोय, याला किती वर्षं झाली होती!

पण चूक तोवर होऊन गेली होती. माशांच्या दुकानदाराने बजावलं होतं, पाणी भरून आठ दिवस थांबा, मगच मासे सोडा. आजीने नाक मुरडलं. "आठ दिवसांचं शिळं पाणी, आणि तेही माझ्या पेटीत?" तिने पाणी उकळून गार केलं आणि त्याच दिवशी मासे सोडले. रोज सकाळी सगळं पाणी बदलायची, वाळू जंतुनाशकाने धुवायची, मूळ घासायची. तीस वर्षांची सवय ती. स्वच्छता म्हणजेच माया, असंच तिचे हात शिकले होते.

तिसऱ्या दिवशी एक मासा आडवा झाला. पाचव्या दिवशी आणखी दोन. आजी जास्तच घासू लागली. खारूताई तिच्या हातांकडे बघत राहिली. आणि सहाव्या दिवशी तिने आजोबांच्या कानाशी जाऊन विचारलं, "आजोबा, आजीने हात घातला की मासे मरतात. बाळाच्या पेटीतपण आजी हात घालते का?"

आजी दारातच उभी होती.

रोज संध्याकाळी ती लेकीला डबा घेऊन जायची आणि नव्या पेटीच्या खिडकीतून नातवाच्या पाठीवर हात ठेवायची. त्या दिवसापासून तिने ते सोडलं. लेकीचा फोन आजोबांनी घेतला तेव्हा मला कळलं. लेक सांगत होती, आई लांबच उभी राहते, बाळाला माझा हात नको म्हणते. जिच्या हातांनी मला अर्थ दिला, तिचा आपल्याच हातांवरचा विश्वास उडाला होता. मी तरी काय करणार? मला ऊब देता येत होती, बोलता येत नव्हतं. आता तर ऊबही नव्हती.

आजोबांनी दोन दिवस वाट पाहिली. मग माझ्यातलं पाणी बाटलीत भरून त्यांनी आजीच्या हातात दिलं आणि तिला माशांच्या दुकानात धाडलं. ती परत आली ती एका पिशवीत कळकट, बुळबुळीत स्पंज घेऊन.

"काय म्हणाला?" आजोबांनी विचारलं.

"म्हणाला, आजी, हे पाणी नाही, हा दवाखाना आहे. म्हणाला, माशांची घाण पचवणारे बारीक जीव पाण्यात वाढावे लागतात आणि मी त्यांनाच रोज धुऊन टाकते." तिने स्पंज वर धरला. "हा त्याच्या जुन्या टाकीतला, ते जीव यात भरलेत. धुवायचा नाही म्हणे."

तो स्पंज आत सोडताना तिचं तोंड असं झालं, जसं कडू औषध गिळतेय. आजोबा म्हणाले, "अति तिथे माती ऐकलं होतं. अति तिथे फिनाईल आज पाहिलं." ती हसली नाही, पण त्यांच्याकडे रागानेही बघितलं नाही. तेवढ्यावर त्यांनी समाधान मानलं.

मग माझं पाणी दुधासारखं गढूळ झालं. दोन उरलेले मासे धुक्यात हरवल्यासारखे दिसेनात. पाणी मुरताना असं होतं, हे दुकानदाराने सांगितलं होतं. तरी आजीचे हात शिवशिवत. एका सकाळी ती रिकामी बादली घेऊन आलीच. खारूताई आधीपासून माझ्यासमोर बसली होती. तिने बादली धरली आणि आजीला शेजारी ओढून बसवलं. दोघी गढुळात बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने एका भिंगामागे एक भलीमोठी शेपटी हलली आणि नाहीशी झाली.

"आहे," खारूताई म्हणाली.

"आहे गं," आजी म्हणाली.

कोणी हात न लावता आठवडाभरात पाणी आपलं आपण निवळलं. दोन्ही मासे होते. मुळावर कोवळं हिरवं शेवाळ धरलं होतं आणि आजीने ते चक्क राहू दिलं.

त्यानंतर महिन्याने बाळ घरी आलं. सगळे दिवाणखान्यात जमले. बाळाला पहिल्यांदा ताईच घेणार, असं आईने कबूल केलेलं. खारूताई मांडीवर उशी घेऊन ताठ बसली. आजी मात्र दाराशी, हात पाठीमागे धरून. आईने बाळ पुढे केलं, तशी खारूताईने मान हलवली.

"आधी आजी."

"अगं नको, तुझा मान आहे. आणि माझे हात…"

"हात धू आणि ये," खारूताई म्हणाली.

आजी हात धुवायला गेली. नळ बराच वेळ वाहत होता. कोणी तिला हाक मारली नाही. मग ती आली, तिने बाळ घेतलं, आणि मित्रांनो, मी शपथेवर सांगते, ते हात पूर्वीसारखेच चालले.

आता माझ्यात शिळं पाणी आहे आणि मी सुखात आहे. जुन्या वस्तू टाकण्याआधी दोनदा बघा, हे तर मी म्हणेनच. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. तुमच्यासाठी झटणारं माणूस कधी चुकलं, तर चूक जरूर सांगा. पण त्याचे हात दूर लोटू नका. त्या हातांना पुन्हा बोलावणारं कोणीतरी लागतं, आणि ते तुम्ही व्हा.