निलेशचे जामीनदार

"जामीनदार एकच लागतो," सुरभी वकील कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हणाली. "तुम्ही तर अख्खं वऱ्हाड आणलंत!"

"एकाला नाय म्हनतील तर दुसरा हाय, बाय," हौसाबाई म्हणाली. टेम्पोतून अजून माणसं उतरतच होती.

हौसाबाई म्हणजे पेणच्या खाडीकाठची धवलारीण. आमच्याकडे धवलारणीच्या गाण्यांशिवाय लग्न लागत नाही, त्यामुळे टेम्पोतल्या निम्म्या लोकांच्या हळदी तिनेच गायलेल्या. तिचा मुलगा निलेश एका ठेकेदाराकडे कामाला होता. भंगारचोरीचा आळ आला आणि तो आत गेला. अडीच वर्षं खटला सुरूच झाला नाही, नुसत्या तारखा. मग ही फुकट मिळणारी सरकारी मदतीची वकील भेटली. पहिलाच आरोप असेल आणि जास्तीत जास्त शिक्षेचा तिसरा हिस्सा खटल्याविनाच आत गेला असेल, तर जामीन द्यावाच लागतो, असं तिने सांगितलं. "हा त्याचा हक्क आहे मावशी, मेहरबानी नाही." हौसाबाई हे वाक्य गावभर सांगत सुटली होती.

हुकूम तर झाला. पण स्वतःच्या नावावर जमीन किंवा घर असलेला माणूस आज दुपारपर्यंत उभा राहायला हवा होता. आज शुक्रवार. नाहीतर पोरगा सोमवारपर्यंत आतच.

वऱ्हाडातले महिपतीतात्या रुबाबात सातबारा घेऊन पुढे झाले.

"हे नाव कुणाचं?" सुरभीने विचारलं.

"आमच्या आज्याचं."

"कुठे असतात ते?"

"वर."

दुसऱ्याचा सातबारा बघितला, तिसऱ्याचा बघितला. सगळ्यांच्या जमिनी मेलेल्या आज्यांच्या नावावर! वाटणीची भांडणं नकोत म्हणून कुणी वारसनोंदच केली नव्हती. सुरभीने कपाळाला हात लावला, मग तिला हसू आवरेना. हौसाबाईला मात्र रडू फुटलं.

तेवढ्यात रोह्याहून हौसाबाईची भाची रंभा येऊन पोचली. नवऱ्याने टाकल्यावर तिने रोह्याजवळच्या वरसे गावात एका खोलीचं घर बांधलं होतं, स्वतःच्या एकटीच्या नावावर.

"रडतेस काय गो हौसाआत्या? माझं घर हाय नं!"

संध्याकाळी तुरुंगाचा छोटा दरवाजा उघडला आणि निलेश बाहेर आला. मग काय विचारता! शिट्ट्या काय, पेढे काय, महिपतीतात्या तर भर रस्त्यात नाचले.

"आये, सुटलो मी?"

"खटला हाय अजून. पन आता तारखेला घरनं जायचं."

टेम्पोवाला कान्हू ओरडला, "चला, बसा! मोजून घेतो सगल्यांना!"

ते ऐकताच निलेश झटकन खाली उकिडवा बसला, मान खाली घालून. तुरुंगात रोज मोजणीला तो असाच बसत आला होता.

हौसाबाईने पदर खोचला आणि ती त्याच्या शेजारी तशीच उकिडवी बसली. मग रंभा बसली. मग गुडघे धरत महिपतीतात्या. बघता बघता अख्खं वऱ्हाड रांगेत बसलं.

"मोज रं कान्हू," हौसाबाई म्हणाली. "आमाला पन मोज."

कान्हू मोजत आला. निलेशला कुणी ऊठ म्हणालं नाही. तो आपणहून उठला आणि आईला हात दिला.