ठिपक्यावर बोट ठेवा

सेंकाने रक्तदाबाच्या ॲपमधल्या आलेखावर ठिपके बसवले ते खरं तर आपल्या बापासाठी. ॲप बनवून घेणाऱ्या झ्रेन्यानिन गावच्या दवाखान्याने नुसती रेघ मागितली होती. पण बाबा, म्हणजे ल्यूबोमिर, गोळी घ्यायला तयार नव्हते, आणि रेघ वर गेलेली दाखवली की म्हणायचे, "जाणारच. सगळंच वर चाललंय."

म्हणून सेंकाने रेघेवर प्रत्येक मोजणीचा ठिपका काढला. त्यावर बोट ठेवलं की चौकट उघडायची: आकडा, वेळ, आणि मोजणाऱ्याने स्वतः लिहिलेलं कारण. 'गोळी विसरलो' हे आपल्याच हातचं वाचून माणूस वरमेल, असा तिचा हिशेब. बाबांच्या जाड बोटाखाली ठिपका गडप व्हायचा, म्हणून चौकट तिने बोटाच्या वर उघडेल अशी केली.

जुलैत तिने बाबांचा फोन हातात घेतला आणि सर्वांत उंच ठिपक्यावर बोट ठेवलं. कारण: आरपार वारा. शेजारच्या ठिपक्याचंही कारण आरपार वारा. त्यापलीकडे: आरपार वारा, स्वयंपाकघराची खिडकी, तुझ्या आईने उघडली.

दवाखान्याच्या बाकीच्या रुग्णांनीही तेच लिहिलं होतं. समोरासमोरच्या दार-खिडकीतून वाहणाऱ्या वाऱ्याने मान आखडते, माणूस आजारी पडतो, असं तिकडे लहानथोर सगळेच मानतात. दवाखान्याच्या डॉक्टर वुकोसावा मानेला रुमाल गुंडाळून सेंकाच्या कंपनीत बैठकीला आल्या. उकाड्याने जीव नकोसा झाला होता आणि खिडक्या अर्थातच बंद होत्या.

"इतकी वर्षं मी हेच सांगत होते," बाई समाधानाने म्हणाल्या. "आता ठिपक्यांनीच सांगितलं."

"ही लोकांची समजूत आहे," सेंका म्हणाली. ती भौतिकशास्त्र शिकली होती. "वाऱ्याने रक्तदाब वाढत नाही. मोजून दाखवते. रादिवोये, हात पुढे करा."

रादिवोये तिचे साहेब. त्यांनी बाही वर केली. खिडक्या बंद असताना रक्तदाब अगदी व्यवस्थित होता. मग सेंकाने खिडकी उघडली आणि समोरचं दारही. पडदा फुगला. साहेबांची नजर पडद्यावर खिळली, मान खांद्यात गेली. पुढचा ठिपका थेट फोनच्या स्क्रीनच्या वरच्या टोकाला जाऊन बसला.

"लाव ती खिडकी," साहेब क्षीण आवाजात म्हणाले. "मला घरी दोन पोरं आहेत."

"रक्तदाब भीतीने वाढलाय," सेंका म्हणाली.

"कशाच्या भीतीने?" बाईंनी विचारलं.

"वाऱ्याच्या."

"मग वाऱ्यानेच ना?"

तोवर कुणीतरी खिडकी लावून कडी घातली होती.

"आता चौकटीत एक ओळ घाला," बाई म्हणाल्या. "आरपार वाऱ्यापासून संरक्षण: सकाळची गोळी घेतली का?"

"पण ती गोळी वाऱ्यावरची नाही."

"रक्तदाबावरची आहे ना? आणि वारा काय करतो ते तुम्हीच तर आत्ता दाखवलंत."

शास्त्राच्या दृष्टीने हे तिला भयंकर वाटलं. मग बाबांचा उंच ठिपका आठवला, आणि तिने ती ओळ घातली.

काही दिवसांनी बाबांचाच फोन आला. "पोरी, हे आधी का नाही सांगितलंस?"

"बाबा, किती वर्षं सांगतेय, गोळी घ्या म्हणून."

"गोळी घ्या म्हणालीस. वाऱ्यावरची आहे हे कुठे म्हणालीस? ऐक, उद्या ऑफिसात माझे ठिपके बघ."

दुसऱ्या दिवशी तिने बघितले. रेघ जिना उतरावी तशी खाली आली होती. शेवटच्या, सर्वांत खालच्या ठिपक्यावर तिने बोट ठेवलं. 'दार उघडं, खिडकी उघडी. मधोमध खुर्ची टाकून मुद्दाम बसलो. काही वाकडं झालं नाही.'

सेंकाचे डोळे भरून आले. त्या आनंदात तिने आपल्या टेबलाजवळची खिडकी सताड उघडली. समोरचं दार उघडंच होतं. दुपारपर्यंत तिची मान डावीकडे वळेनाशी झाली. कुणी बघत नाही ना, हे तिने सगळं अंग फिरवून पाहिलं आणि हळूच खिडकी लावून घेतली.