मास्तरांच्या पायांचे तीर्थ

१९३६ च्या आषाढात, पहिल्या शनिवारी, जळगाव जामोदच्या वामनराव मास्तरांच्या ओसरीवर त्यांचे पाय धुण्यासाठी रांग लागली होती. मास्तर बद्रीकेदार करून आदल्या दिवशी परतले होते. चारशे मैल पायी. अशा माणसाचे पाय धुऊन ते पाणी तोंडात घेतले की घरबसल्या यात्रेचा वाटा मिळतो, याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती.

मास्तर पाटावर बसले होते, पाय पितळी परातीत. त्यांची थोरली विधवा बहीण गोजरबाई कोमट पाणी ओतत होती. पहिला मान पंजाबरावांचा. दोन कोसांवरच्या गावचे ते मोठे शेतकरी. पाच बैलजोड्यांची वाहीत, तरी स्वतः शेताच्या धुऱ्यावरून रोज फिरणारे. त्यांनी तीर्थ घेतले, डोळ्यांना लावले आणि खिशातून एक बाटली काढली.

"मायसाठी भरून द्या, आक्का. ते उठत नाही आता."

गोजरबाईने परातीतले पाणी बाटलीत भरून दिले.

आतल्या दाराशी मास्तरांची पत्नी रुखमाबाई बसली होती. तीही तीच यात्रा करून आली होती, पण तिच्या पायांशी कुणी आले नाही. ती कांडीत बसून गेली, हे सगळ्यांनी वाचले होते.

ती कांडीत बसली नव्हती. कांडीत मास्तर बसले होते.

मास्तरांना हिमालयाची ओढ पुस्तकांतून लागली होती. शाळेच्या नकाशावर छडी फिरवत ते हृषीकेश ते बद्रीनाथ सगळे मुक्काम ओळीने सांगत. रुखमाबाईला बरोबर नेले ते वाटेत हातचे जेवण मिळावे म्हणून. तिचे वडील सातपुड्यात जंगल खात्याच्या नाक्यावर होते. लहानपणी ती भिंगाऱ्याचा घाट चढून मोहाची फुले आणायला जाई. मास्तरांनी कधी ते विचारले नव्हते.

हृषीकेशला तिने कॅन्व्हासचे बूट घेतले. पायात बूट घालण्याची तिची पहिलीच वेळ. वाटेत सागरकडचे काही यात्रेकरू सोबत होते, गावचे कुणी नव्हते. गुप्तकाशीला मास्तरांचा गुडघा सुजला, तळव्यांना फोड आले आणि त्यांनी कांडी केली.

कांडी म्हणजे पहाडी हमालाच्या पाठीवरची निमुळती टोपली. तिच्यात बसणाऱ्याचे तोंड मागे असते. पुढचे सत्तावीस दिवस मास्तर मागे पाहत होते आणि रुखमाबाई त्यांच्यामागून चालत होती. पहिले दोन दिवस ते तिच्याशी बोलले. नंतर उपरणे तोंडावर ओढून बसू लागले.

तिचेही पाय पहिल्या आठवड्यात दुखले. दुसऱ्या आठवड्यात दुखायचे थांबले. चढावर श्वास लागायचा, जरा थांबले की बसायचा, चालले की पुन्हा लागायचा. तिला त्याचीच गोडी लागली. सकाळी चट्टी, म्हणजे वाटेवरचा मुक्काम, सोडली की संध्याकाळच्या चट्टीपर्यंत तिला कुणी काही मागत नव्हते. वळण आले की पुढे काय असेल, एवढाच विचार. जळगावात प्रत्येक वळणापुढचे तिला माहीत होते.

तुंगनाथच्या तीन मैलांच्या चढणीवर झाडे संपली. आखूड गवत लागले, त्यात बोटभर उंचीची निळी फुले. मग वाटेवरच बर्फ. तिथे तिचा डावा बूट फाटला. टाच बर्फाने भाजली आणि अंगठ्याचे नख काळे पडून पुढे गळाले. वर पोहोचली तेव्हा ढग सरकला. समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत बर्फाची भिंत उभी होती. जळगावातून सातपुडा दिसतो तशीच आडवी, पण मान वर केल्याशिवाय माथा दिसेना. कांडीवाल्याने बोटाने दाखवले. हे केदार, ते बद्री, आणि डावीकडे, केदारच्याही पलीकडे, गंगोत्री.

कांडी दगडावर टेकवलेली होती, शिखरांकडे पाठ करून.

"अहो, वळून पाहा," ती म्हणाली.

"वारा लागतो," मास्तर उपरण्यातून म्हणाले. "उतरू चल."

शेवटच्या मुक्कामाला तिने त्यांना विचारले, "गंगोत्रीले जाऊ एकदा?" लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती, तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. मास्तरांचा गुडघा उतारावर बरा झाला होता. ते म्हणाले, "जाऊ."

नांदुरा स्टेशनावर हार घेऊन माणसे आली होती. त्यांतली एक ओळखीची बाई म्हणाली, "काहो, टोपलीत बसून बसून आंग आंबलं असंन तुमचं?" रुखमाबाईला ती थट्टा वाटली. घरी आल्यावर कोनाड्यात तिला खामगावच्या साप्ताहिकाचे अंक सापडले. मास्तर वाटेतून त्यात पत्रे पाठवत होते. तिसऱ्या पत्रात छापले होते: 'कुटुंबाची प्रकृती नाजूक. गुप्तकाशीपासून तिच्यासाठी कांडी करावी लागली. मी मात्र पायीच आहे.'

तिने अंक त्यांच्यापुढे धरला.

"लोकांसमोर मला उभं राहायचं असतं," मास्तर म्हणाले. "तुला कुठे उभं राहायचंय?"

दुसऱ्या दिवशी ती रांग. रांग संपल्यावर, रीत म्हणून, गोजरबाई परात घेऊन आत आली. "दे पाय." रुखमाबाईने लुगड्याचा काठ वर घेतला. गोजरबाईने एक पाय हातात घेतला आणि तिचा हात थांबला. टाच फाटून बुजलेली, त्यावर बर्फाचा काळपट डाग, अंगठ्याला नख नाही, तळवा चामड्यासारखा. तासाभरापूर्वी तिने भावाचे पाय धुतले होते. ते लोण्यासारखे होते.

बाहेर पंगत बसत होती. गोजरबाईने त्या टाचेवरून अंगठा फिरवला.

"टोपलीत वामन होता?"

"हाव."

गोजरबाईने परात बाजूला सारली. "सारं गाव पाणी पिऊन बसलं, रुखमे," ती हळू आवाजात म्हणाली. "पाय झाक."

त्या हिवाळ्यात मास्तरांची हिमालयावर नऊ व्याख्याने झाली. खामगाव, मलकापूर, चिखली. उंद्रीला तर त्यांना बैलगाडीतून मिरवले. तुंगनाथच्या चढणीबद्दल ते चांगले बोलत. खाली पडत जाणारी दरी, लहान होत जाणारी माणसे, मागे राहिलेली झाडे, सगळे तपशील अचूक असत. शिखरांबद्दल ते थोडक्यात आटपत.

फाल्गुनात पंजाबराव चार माणसे घेऊन घरी आले.

"मास्तर, अक्षय तृतीयेच्या आधी निघतो आपण. गंगोत्री, जम्नोत्री दोनी. अकरा जण झाले, बारावे तुम्ही. पुढं तुम्ही, मांगं आमी."

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. दाराआडून रुखमाबाई म्हणाली, "आन तेरावी मी."

पंजाबराव अवघडले. "वयनी, राग नका मानू. कांडी लागते ते माणूस नाही नेत आमी. एकासाठी अकरा जणाईले थांबा लागते."

"मी पायी गेली होती, भाऊ. सारी वाट."

"मंग टोपलीत काय मास्तर बसले होते?" पंजाबराव म्हणाले, आणि ओसरी हसली.

"हाव," रुखमाबाई म्हणाली.

हसणे थांबले. पाचही जणांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांचा आवाज वर्गात असतो तसाच होता.

"बारा हजार फुटांवर हवा विरळ असते. मेंदूला रक्त कमी पडतं. तुंगनाथनंतर हिला पुष्कळ गोष्टी उलट्यापालट्या आठवतात. मी बाहेर कुठे बोललो नव्हतो. बोलण्यासारखी गोष्ट नाही ती."

"अरेरे," पंजाबराव म्हणाले. मग सगळेच हळू आवाजात बोलू लागले, आजाऱ्याच्या घरी बोलतात तसे. जाताना एकाने तिला सांगितले, "बदामाचं तेल चोळत जा वयनी, डोक्याले." आठ दिवसांत बायका पाणवठ्यावर तिची घागर भरून देऊ लागल्या.

मास्तरांना चार माणसांसमोर नाही म्हणता आले नाही. चैत्र लागला तसे त्यांचे जेवण कमी झाले. गंगोत्रीची वाट बद्रीच्या वाटेहून वाईट, हे त्यांच्याच व्याख्यानात होते. या वेळी बरोबर अकरा ओळखीची माणसे असणार होती. निघायला पाच दिवस उरले तेव्हा, दुपारी, शाळेतून आल्या आल्या ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले.

"तू चार दिवस अंथरुणावर पड."

"काऊन?"

"काऊन काय? तुला माहीत आहे."

"तुम्हीच पडा ना मंग."

"मी पडलो तर मास्तर भ्याला म्हणतील."

"आन मी पडली तर?"

"तुझं सगळ्यांना माहीतच आहे."

रुखमाबाईने भाकरी उलटली. ती फुगू दिली. मग म्हणाली, "पडते." इतक्या लवकर होकार मिळेल असे मास्तरांना वाटले नव्हते; त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले.

तिने हिशेब सरळ केला होता. मास्तर मागे राहिले की बारावी जागा रिकामी. आजारी बाईला पाहायला माणसे आतल्या खोलीत येतात. पंजाबराव आले की तिला त्यांच्यापुढे शब्द लागणार नव्हते. पंजाबराव शेतकरी. चालणारा पाय कोणता आणि बसणारा कोणता, ते त्यांना कुणी छापून द्यायला नको.

तिने दोन लुगडी, घोंगडी आणि मोच्याकडून टाके घालून आणलेले कॅन्व्हासचे बूट बोचक्यात बांधले आणि खाटेखाली सारले. गोजरबाईला झाडताना ते लागले.

"हे काय व?"

"वाटेचं."

गोजरबाईने झाडणी थांबवली. बोचके पायाने भिंतीपर्यंत आत ढकलले, म्हणजे दारातून दिसू नये, आणि पुन्हा झाडू लागली.

निघायच्या दिवशी नांदुऱ्याची मोटार सकाळी सहालाच मारुतीच्या देवळापाशी येऊन उभी राहिली. साडेसहाला पंजाबराव घरी आले, डोक्याला मफलर, हातात नवी काठी. ओसरीवर मास्तरांनी त्यांना सांगितले, हिला ताप आहे, मला थांबावे लागेल. पंजाबराव हळहळले आणि वहिनींना पाहायला आत आले. मास्तर दारात उभे राहिले.

"वयनी, कसं काय?"

"भाऊ, जवळ या." रुखमाबाई उठून बसली आणि तिने पायांवरची वाकळ बाजूला केली. "हे पाहा."

पंजाबरावांनी पाहिले. अंगठ्याचे नख वाकडे उगवले होते. टाचेचा डाग दहा महिन्यांत पुसट झाला होता, गेला नव्हता. ते वाकले, काठी खाली ठेवून उकिडवे बसले.

"आता त्यायचे पाहा," ती म्हणाली.

मास्तर अनवाणी होते. त्यांनी एक पाय उचलून दुसऱ्या पायामागे नेला. पंजाबरावांनी ते पाहिले.

"ताप नाही मले," रुखमाबाई म्हणाली. "बोचकं खाटीखाली बांधून ठेवलं हाये. एक जागा रिकामी हाये. कांडी नाही लागनार मले, भाऊ. लागली तर तिथंच सोडून द्या."

देवळाकडून मोटारीचा भोंगा वाजला. पंजाबराव जमिनीकडे पाहत होते.

"माही माय पौषात गेली," ते अखेर म्हणाले. "तीन दिवस जीव जात नव्हता. मंग ते बाटली उघडली. मास्तरांचं पाणी. दोन थेंब तोंडात टाकले आन सुटली बिचारी. शेवटचं तेच होतं तिच्या तोंडात."

रुखमाबाईने पाय तसेच उघडे ठेवले.

"ते काय होतं म्हणू आता मी?" पंजाबरावांनी विचारले. त्यांनी वर पाहिले तेव्हा डोळे ओले होते, पण चेहरा घट्ट झाला होता. वाकळेचे टोक धरून त्यांनी स्वतःच ती तिच्या पायांवर ओढली. "झाका, वयनी."

काठी उचलून ते बाहेर गेले. मास्तरांनी त्यांना वाट दिली. ओसरीवर जमलेल्यांना पंजाबरावांचा आवाज स्पष्ट ऐकू आला: "वयनीले लय ताप हाये. बरळून राह्यली. मास्तर थांबतेत. चला, मोटार जाईन."

सातला पाच मिनिटे असताना मोटार सुटली. नांदुऱ्याच्या रस्त्यावर तिचा आवाज विरेपर्यंत आत चौघी शेजारणी येऊन बसल्या होत्या. एकीने पदराने वारा घातला. एकीने कपाळाला हात लावला आणि दुसरीकडे पाहून मान हलवली. ओसरीवर कुणीतरी गंगोत्रीच्या वाटेबद्दल विचारले, आणि मास्तर पहिल्या मुक्कामापासून सांगू लागले.

गोजरबाई काढा घेऊन आली. तापावरचे कडू काडेचिराईत होते, मागच्या वर्षी जोशीमठाच्या बाजारातून रुखमाबाईनेच आणलेले. निम्मे तिने गावात वाटले होते. गोजरबाईने वाटी तिच्या हातात दिली आणि ती शेजारणींकडे पाठ करून उभी राहिली, म्हणजे तिचे ओठ हललेले कुणाला दिसू नयेत.

"घे," ती म्हणाली. "पाहून राह्यल्या साऱ्या."

रुखमाबाईने वाटी तोंडाला लावली आणि तळाचा गाळ दिसेपर्यंत खाली ठेवली नाही.