सत्ताविसावा खुनी

नंदनवन वस्तीतल्या बळीरामच्या मिशीबद्दल तुम्ही ऐकलं नसेल, तर तुमचं नागपूर अजून पुरतं पाहून झालेलं नाही. ही मिशी पावसाळ्यात फुटायची, दिवाळीला कानापर्यंत पोचायची आणि होळीला उतरायची. सव्वीस वर्षं. नातवंडांना वाटे, हाही होळीचाच रिवाज असेल.

कारण एकच, डिटेक्टिव्ह काटोलकर. ‘निशाचर’ असं टोपणनाव घेतलेला कोणी लेखक त्याच्या रहस्यकादंबऱ्या लिहायचा. दिवाळीला पूर्वार्ध, होळीला उत्तरार्ध. पूर्वार्ध संपला की बळीराम आणि त्याचा जिगरी दोस्त गणपतराव, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, ओसरीवर बसून खुनी कोण ते सांगत. चुकेल त्याची मिशी जाणार. बळीरामनं आयुष्यभर विजेचे मीटर वाचलेले. तो पुरावे बोटांवर मोजून आधी नाव सांगे आणि दरसाल चुके. गणपतराव मग डोळे मिटून दुसरंच नाव घेई. होळीला नेमका तोच खुनी!

“माया डोक्यात भुसा भरला आहे काय बे?” बळीराम कपाळ बडवून विचारे.

“भुसा नाही गा. तू सरळ माणूस आहे. खुनी सरळ नसते.”

बळीरामनं हे इतकं मनाला लावून घेतलं, की प्लॉट घेण्यापासून पोरीच्या सोयरिकीपर्यंत सगळं तो गणपतरावाला विचारून करू लागला. आपल्याला काय समजते!

यंदा नावं सांगायच्या आधीच गणपतराव पित्ताच्या खड्यांनी धंतोलीच्या एका दवाखान्यात भरती झाला. त्याच्या बायकोनं, कौशल्यावहिनींनी, जुने रिपोर्ट आणायला बळीरामला घरी पाठवलं. कपाटात रिपोर्टांखाली काटोलकरच्या कादंबऱ्यांच्या सव्वीस वह्या निघाल्या. अक्षर ड्रॉइंग मास्तरचं. प्रत्येक वहीत शेवटच्या प्रकरणाआधी खुन्याचं नाव खोडलेलं, आणि समासात टीप : ‘बळीनं ओळखला. दुसरा ठेवणे.’

बळीराम फरशीवरच बसला. सव्वीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

वह्या होत्या तशा ठेवून रिपोर्ट त्यानं नेऊन दिले. टाके निघाले तसा गणपतराव पोट धरून बळीरामच्या ओसरीवर हजर झाला.

“बोल मंग. यंदा कोण?”

“तूच सांग. लिहून तर तूच राहिला.”

गणपतरावाचं तोंड उतरलं. “वह्या पाहिल्या वाटते.”

“सव्वीस साल मले येडा बनवला. काहून गा?”

“अरे, तुले समजलं ते साऱ्याइले समजन, म्हणून बदलवत गेलो. तुयासारखा वाचणारा अख्ख्या विदर्भात नाही.”

“हे एकडाव तरी मले सांगाचं होतं.”

“सांगतलं असतं तर तू खेळला असता?” गणपतराव जवळ सरकला. “शिव्या दे, पण नाव सांग. मी ठेवलेला खुनी कच्चा का पक्का, तुयाबिगर मले समजत नाही. प्रकाशक रोज फोन करून राहिला.”

बळीरामला तिसऱ्याच प्रकरणात खुनी कळला होता. जिभेवर आलेलं नाव त्यानं गिळलं.

“तुले उत्तरार्ध नाही वाचाचा काय?” गणपतरावानं विचारलं.

हा घाव मात्र वर्मी बसला. बळीराम उठला, दाराची कडी हातात धरून उभा राहिला.

“वाचाचा आहे. लई वाचाचा आहे. पण तुया हातचा नाही.”

होळी होऊन गेली, उत्तरार्ध आला नाही. डिटेक्टिव्ह काटोलकर अजून विहिरीच्या काठावर एक पाय उचलून उभा आहे. जेवण झालं की बळीराम यंदाच्या पूर्वार्धाचं शेवटचं पान उघडतो, त्याला तसाच उभा पाहतो आणि पुस्तक मिटतो.