प्रशिक्षकाच्या खुर्चीत मामा

दुसऱ्या फळीतल्या टेनिसपटूंची ही वर्षअखेरची स्पर्धा. अंतिम सामना, तिसरा सेट, टायब्रेक. जिंकणारीला पुढच्या हंगामात मोठ्या स्पर्धांत थेट प्रवेश होता. चिंगीनं घरी सांगून ठेवलं होतं, हरले तर रॅकेट माळ्यावर टाकते आणि नोकरी धरते.

तिचा प्रशिक्षक तापानं फणफणून हॉटेलात पडला होता. त्याच्या खुर्चीतून खेळाडूला सल्ला दिलेला चालतो, म्हणून तिथे मामांना बसवलं होतं. मामांनी टेनिसवर वाचलं पुष्कळ होतं. खेळले मात्र कधीच नव्हते.

समोरची डावखुरी एका गुणानं पुढे होती. आणखी एक मिळवला की करंडक तिचा, आणि सर्व्हिसही तिचीच. चिंगी टॉवेल घ्यायला मामांच्या कोपऱ्यात आली.

"कुठे मारेल?"

"मला आपलं वाटतं, म्हणजे खात्री अशी नाही, पण मघापासून अडचणीत आली की ती..."

"मामा, प्रस्तावना नको."

"अंगावर," मामा पुटपुटले. लगेच वाटलं, चुकलं. शब्द मागे घ्यायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर चिंगी वळली होती.

चेंडू अंगावरच आला. ती आधीच बाजूला सरकली होती. तिचा फटका रेषेला घासून गेला. बरोबरी. आता जिंकायला दोन गुणांची आघाडी हवी.

मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढचीही सर्व्हिस डावखुरीचीच होती. चिंगीनं नुसतं पाहिलं आणि मामांनी ठणकावून सांगितलं, "परत अंगावर."

चेंडू पार कडेला पडून सुसाट निघून गेला. चिंगीची रॅकेट हवेतच राहिली. पुन्हा डावखुरी एका गुणानं पुढे. आता सर्व्हिस चिंगीची. ती टॉवेलपाशी आली.

"आता?"

मामांनी हात जोडले. "बाळा, मला काही म्हणजे काही कळत नाहीये."

चिंगीनं तोंड पुसलं. "बरं झालं. मला वाटलं, माझी एकटीचीच दातखीळ बसलीय."

आपल्या सर्व्हिसवरचे दोन्ही गुण तिनं घेतले. आता एकच हवा होता आणि सर्व्हिस डावखुरीची. चिंगीनं खुर्चीकडे बघितलंही नाही. मामांनी डोळे मिटून घेतले. चेंडूचे आवाज येत राहिले, लांबत गेले, थांबले.

"बाहेर गेला का हो?" त्यांनी शेजारच्याला विचारलं.

"गेला."

"कुणाचा?"

"डावखुरीचा. डोळे उघडा आता, पोरगी इकडेच येतेय."